नरमाई

रविवारी सकाळी योगेंद्रनं गॅलरीत उभं राहून फोनला प्रश्न विचारला आणि उत्तर घरातून आलं. हातातला फोन मुकाच होता. पडद्यावर नेहमीची रंगीत रेघ थरथरली, विझली, आणि आतल्या खोलीत सागरच्या पलंगाशेजारच्या गोल स्पीकरमधून, ज्याच्यावर पोरगं दिवसभर गाणी ऐकायचं त्यातून, फोनमधल्या त्या बाईचा गोड, कुठल्याच गावचा नसलेला आवाज खणखणीत बोलायला लागला, "डुशेन हा स्नायूंचा आजार असलेली मुलं साधारणपणे वीस ते तीस वर्षांपर्यंत जगतात. योग्य काळजी घेतल्यास..." खाली दिंडोलीच्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत चालला होता, समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी गादी झोडपत होतं, आणि योगेंद्र फोनच्या कडेवर, पाठीवर, पोटावर बोटं दाबत राहिला. आवाज बंद करायचं बटण कुठे असतं ते त्याला आठवेना. बाईनं वाक्य पुरं केलं. आणखी काही माहिती हवी आहे का, असंही वर विचारलं. मग घर शांत झालं आणि त्या शांततेतून सागर म्हणाला,

"पप्पा, तुमचं उत्तर आलं."

वैशाली दळण आणायला खाली गेली होती. हे एवढं एक बरं झालं, असं योगेंद्रच्या मनात आधी आलं आणि मग आधी हेच आलं याची त्याला लाज वाटली. तो आत गेला. सागर भिंतीला दोन उशा टेकवून बसला होता, पाय सरळ पसरलेले, पावलं आत वळलेली, मांडीवर सातवीचं पुस्तक. पोरगं रडत असेल असं धरूनच तो आला होता. काय बोलायचं तेही त्यानं दारापासून पलंगापर्यंत येताना जुळवलं होतं, हे जुन्या काळचं आहे, आता अमेरिकेत औषध निघालंय, फोनला काय कळतं. पण सागरच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यानं पुस्तकाचं पान उलटलं आणि विचारलं, "म्हणजे बारावी होऊन जाईल ना माझी?"

"अरे, ते काही खरं नसतं. ते मशीन आहे..."

"होऊन जाईल. कॉलेजचं मग बघू."

"सागर, मम्मीला सांगू नकोस."

तेव्हा सागरनं मान वर केली. योगेंद्रच्या कारखान्यात, भरतकामाच्या खात्यात, नव्या कारीगराला, हात लावू नको म्हणून बजावलेलं बटण नेमकं कुठलं हे कळलं, की तो जसा बघतो तसं पोरगं बापाकडे बघत होतं. "नाही सांगणार," तो म्हणाला. "मला संडासला न्या."

पोरगं किती वर्षं जगेल, हा प्रश्न योगेंद्रनं फोनला काही पहिल्यांदा विचारला नव्हता. उत्तर त्याला पाठ होतं. तरी रविवार आला, वैशाली खाली गेली, की गॅलरीत जाऊन तो विचारायचाच, रोजचा आकडा काय लागला ते बघणाऱ्या माणसासारखा. कधी बाई विशी म्हणायची, कधी तिशी, कधी म्हणायची सांगता येत नाही. ज्या रविवारी ती तिशी म्हणायची त्या रविवारी तो मटण आणायचा. वैशालीला वाटायचं, खात्यात काम जोरात चाललंय. भरतकामाच्या त्या खात्यात तो मास्तर होता. लांबच लांब मशीनवर शेकडो सुया एकदम खाली जायच्या, एकदम वर यायच्या. आयुष्यभर त्या खडखडाटात बोलून त्याचा आवाज असा झाला होता की घरात साधं पाणी मागितलं तरी भांडण वाटायचं. वैशाली भुसावळची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. त्याची अहिराणी तिला लग्नापासून दगडासारखी लागायची, आणि तो चिडला की अहिराणीतच चिडायचा. फोनला अहिराणी कळत नव्हती. पहिल्या दिवसांत तो विचारायचा, "पोऱ्याना पायले काय व्हयनं?" आणि ती बाई म्हणायची, क्षमा करा, मला समजलं नाही. मग तो हळूहळू तिच्यासारखं बोलायला शिकला. शब्द वेगळे वेगळे, स्वच्छ, मध्ये श्वास घेऊन, साहेबासमोर बोलावं तसं. तसं बोलता बोलता घरातही तो तसाच बोलायला लागला. वैशालीच्या हे लक्षात आलं होतं. त्याचं कारण तिनं आपल्या परीनं लावून घेतलं होतं.

सागर लहान असताना त्याच्या पोटऱ्या पाहून माणसं कौतुक करायची. योगेंद्रचे वडील, धुडकू आप्पा, गावाहून आले की नातवाला उताणा पाडून त्याच्या पोटऱ्या दाबून बघायचे, दगडासारख्या टणक, गोल. "हाऊ पहिलवान व्हई," ते म्हणायचे, "देख त्यान्या पोटऱ्या." पोरगं खिदळायचं. आप्पा गेले तेव्हा या समाधानात गेले. पहिलवान पुढं शाळेच्या जिन्यावर पडायला लागला. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत, स्वतःच्याच अंगावर चढत असल्यासारखा उठायला लागला. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं योगेंद्रला एकट्याला आत घेतलं, कारण पोरगं बाहेर वैशालीच्या मांडीवर झोपलं होतं. गुजरातीत, हिंदीत, पुन्हा गुजरातीत डॉक्टर सांगत होते आणि योगेंद्र त्यांच्या टेबलावरच्या काचेखालचा देवाचा फोटो बघत होता. पोटऱ्यांत ताकद नव्हती, ती सूज होती. हळूहळू सगळंच जाणार होतं, पाय, हात, मग छाती. आईचं रक्त तपासून घ्या, डॉक्टर म्हणाले, पुढच्या मुलाचा विचार असेल तर ते फार गरजेचं आहे. योगेंद्र बाहेर आला. वैशालीनं विचारलं, "काय म्हणाले?" तो म्हणाला, "गोळ्या दिल्यात."

आईचं रक्त कशाला, हे त्यानं फोनला विचारलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवायच्या सुट्टीत, खात्यामागच्या बाकड्यावर. पांडेसराच्या रंगाच्या कारखान्यांकडून वारा येत होता आणि त्या वाऱ्याला नेहमीसारखा सडक्या अंड्यांचा वास होता. बाई म्हणाली, "हा आजार बहुतांश वेळा आईकडून मुलाकडे येतो. काही..." योगेंद्रनं फोन बंद केला. एवढं पुरेसं होतं. पुढचं ऐकण्यात त्याला काही राम वाटला नाही. तो बसून राहिला, आणि मग त्याच्या अंगात एक गोष्ट घडली, जी तो मरेपर्यंत कुणाला सांगणार नव्हता. त्याचे खांदे खाली आले. आदल्या दिवसापासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. आपण रात्रपाळी केली, तंबाखू खाल्ली, तिला दिवस गेलेले असताना एकदा ढकललं होतं, या सगळ्याचा हिशेब तो आदल्या दिवसापासून करत होता. त्यातलं काहीच लागू होत नव्हतं. त्याला सडकून भूक लागली. डबा उघडून त्यानं सगळ्या पोळ्या खाल्ल्या, आणि शेजारच्या कारीगरानं पुढे केलेलं खमणही खाल्लं.

त्या संध्याकाळी वरणात मीठ नव्हतं. आधीचा योगेंद्र असता तर ताट भिंतीवर गेलं असतं. भिंतीवर तसे दोन-तीन पिवळे डाग होतेच, रंगाखालून वर येणारे. वैशालीला पहिल्या घासालाच ते कळलं आणि तिचा हात तसाच थांबला. योगेंद्र खालमानेनं जेवत राहिला. "चांगलं झालंय," तो म्हणाला. वैशालीनं त्याच्याकडे घाबरून पाहिलं. पुढं ती घाबरायची थांबली. त्यानंतर त्यानं कधी हात उचलला नाही, शिवी दिली नाही, तिच्या माहेरचं नाव काढलं नाही. तिला ताप आला तर भांडी घासायला बसायचा. तिनं दुसऱ्या मुलाचं काढलं तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, नको, याचंच नीट करू. ती रडली होती तेव्हा, त्याच्या छातीवर डोकं ठेवून. पोराच्या आजारानं माणूस सुधारला, असं ती आपल्या आईला, उषाबाईंना, फोनवर सांगायची, आणि आतल्या खोलीतून ते त्याला ऐकू यायचं. तिनं वणीच्या देवीला नवस बोलला होता, नवऱ्याचा स्वभाव बदलू दे म्हणून. पोराचा आजार कळायच्या आधीचा नवस. तो फेडायला ती गडावर गेली तेव्हा योगेंद्र बरोबर गेला, पायऱ्यांवर सागरला पाठुंगळी घेऊन चढला, आणि नारळ त्यानंच फोडला. नारळ एका फटक्यात फुटला. तिनं डोळे मिटून हात जोडले होते, आणि तिच्या कपाळावरच्या घामाकडे बघताना योगेंद्रच्या मनात तिच्याविषयी अपार दया दाटून आली. तिला काहीच माहीत नाही. आपण आपल्या पोटात ठेवलंय. असं वाटताना त्याला आपण मोठे झाल्यासारखं वाटायचं, अंगानं सुद्धा.

फोननं त्याला असं बरंच काही दिलं. अशा पोरांच्या आईबापांचा एक ग्रुप होता, त्यात तो शिरला. कुणी बकऱ्याच्या पायांचं सूप सांगायचं, कुणी केरळचं तेल, कुणी एका भगव्या कपड्यातल्या माणसाचा व्हिडिओ टाकायचं, जो म्हणायचा की मांस सोडा, स्नायू येतील. मधूनच एखाद्या सकाळी जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांगच्या रांग यायची, त्यावरून समजायचं की कुणाचं तरी गेलं. योगेंद्र त्या पोराचा फोटो मोठा करून बघायचा. वय बघायचा. सागर अजून चालत होता तेव्हाच फोनवर व्हीलचेअरच्या जाहिराती यायला लागल्या होत्या. आधी हातानं चालवायची, मग बटणाची, मग डोक्याला आधार असलेली. पोराच्या अंगात जे व्हायचं होतं ते फोनला आधी माहीत होतं. खात्यात माणसं त्याला येऊन विचारायला लागली, मास्तर, शुगरला काय, मास्तर, मुळव्याधीला काय, आणि तो त्यांना सांगायचा, स्वच्छ मराठीत, थांबत थांबत, अर्धवट ऐकलेलं पूर्ण करून. त्याला ते आवडायचं.

त्या रविवारनंतर सागरनं शब्द पाळला. आईला त्यानं काही सांगितलं नाही. तो फक्त विचारायला लागला. योगेंद्र कामावरून येऊन हातपाय धुवायचा, वैशाली शेजारी मंगलाबाईंकडे गेलेली असायची किंवा खाली भाजीला, आणि पलंगावरून पोराचा आवाज यायचा, बापाची हुबेहूब नक्कल, तेच तोडलेले शब्द, तोच मधला श्वास : "डुशेन आजारात. हात. कधी. जातात?" आणि स्पीकरमधली बाई सांगायची. "शेवटी. श्वास. कसा बंद होतो?" बाई तेही सांगायची, डॉक्टरांचा सल्ला घ्या असं शेवटी म्हणत. योगेंद्र टॉवेल धरून मोरीच्या दारात उभा असायचा. एकदा तो म्हणाला, "बस झालं ना आता." सागर म्हणाला, "तुम्ही तर दर रविवारी विचारता. मी पहिल्यापासून ऐकतोय. गॅलरीची काच उघडी असते." म्हणजे त्या दिवशी पोराला नवीन काहीच कळलं नव्हतं. पोरगं ते घेऊन किती रविवार जगलं, मटण खात, हे योगेंद्रला मोजवेना. त्याला पोराचा राग आला. एवढ्याशा जीवानं इतकं गुपचूप राहावं, इतकं वाट बघत राहावं, हे त्याला अघोरी वाटलं. त्यानं स्पीकर उचलून कपाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी वैशालीनंच तो काढून दिला, पोराची करमणूक कशाला बंद करता म्हणून.

मग एका संध्याकाळी तिघं घरात होती. वैशाली भाकरी थापत होती, योगेंद्र जमिनीवर बसून लसूण सोलत होता. अशी कामं तो आता करायचा. सागरला चाकांच्या खुर्चीत बसवून स्वयंपाकघराच्या दाराशी आणलं होतं. मांडीवर स्पीकर. तो आईकडे बघत होता, बापाकडे नाही. त्याचा आवाज या वेळी बापाचा नव्हता, स्वतःचा होता, लहान मुलाचा.

"डुशेन आजार कोणाकडून येतो?"

"हा आजार बहुतांश वेळा आईकडून मुलाकडे येतो," बाई म्हणाली. "काही..."

योगेंद्र उठला कधी, पोहोचला कधी, त्याला कळलं नाही. लसणाच्या पाकळ्या सगळीकडे उधळल्या. त्यानं स्पीकरचं बटण दाबलं, तो सागरच्या मांडीवरून हिसकावला, आणि मग लक्षात आलं की घरात फक्त तव्यावरच्या भाकरीचा आवाज आहे. वैशाली त्याच्याकडे बघत होती. बाई काय म्हणाली त्यापेक्षा नवरा किती वेगानं उठला, हे ती बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"वैशाली, ते अर्धवट..."

"कधीपासून?"

तो खोटं बोलू शकला असता. पण तिनं विचारलं तेव्हा त्याच्या आत, फार खोल, कुणीतरी सुटकेचा श्वास टाकला. आता तिला कळेल आपण काय काय सोसलं, कुणासाठी सोसलं. "डॉक्टरनी सांगितलं तेव्हापासून," तो मऊ आवाजात म्हणाला. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

वैशालीनं भाकरी उलटली. ती फुगली, तिनं ती काढून टोपल्यात ठेवली, तव्यावर दुसरी टाकली नाही. पिठाचे हात तसेच गुडघ्यांवर ठेवून ती बसली.

"म्हणून चांगले वागत होतात," ती म्हणाली.

"असं नाही..."

"वरणात मीठ नव्हतं त्या दिवशी. मला आठवतं ना. मी म्हटलं, देवी पावली." ती हसली. ते हसू योगेंद्रनं तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "माफ करत होतात तुम्ही मला. रोज. भांडी घासून, डोक्यावरून हात फिरवून. आणि मी आईला सांगत होते, माणूस बदलला. मी नवस फेडला तुमच्यासमोर. तुम्ही नारळ फोडलात."

"मी कधी शब्दानं तरी बोललो का तुला?"

"नाही ना. बोलला असतात तर बरं होतं. ताट फेकायचात तेव्हा निदान मला कळायचं, ताट कशाला फेकलं." तिनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले. "पाहुण्यासारखं बोलता माझ्याशी. मला वाटायचं, मान देताय."

सागर खुर्चीत बसून दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. बापाला मारायला उचललेला दगड आईला लागला, हे त्याला समजलं असावं, कारण त्याची हनुवटी हलायला लागली. पण त्याच्याकडे लक्ष द्यायला त्या घटकेला कुणी मोकळं नव्हतं.

रक्त तपासायला वैशाली स्वतःच गेली, मंगलाबाईंना बरोबर घेऊन. निकाल यायला बरेच आठवडे लागणार होते. त्या आठवड्यांत ती योगेंद्रशी कामापुरतं बोलायची आणि पोराचे पाय चोळायची. तासन्‌तास चोळायची, तेलानं, दात आवळून, जणू आपण घातलेलं परत ओढून काढतेय. सागर, "मम्मी, बस," म्हणायचा, ती थांबायची नाही. ताटावर बसायची नाही, सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानं खायची. आणि योगेंद्र? योगेंद्र आणखी चांगला झाला. त्याला थांबता येईना. तो तिला म्हणायचा, "अगं, यात तुझा काय दोष," आणि म्हणताना जिभेला जी चव यायची ती त्याला नीट ओळखू यायची. कामावर जाताना उधन्याच्या पुलाखाली गाडी अडकली की तो डोळे मिटून देवीचं नाव घ्यायचा. काय मागतोय ते शब्दांत आणायचा नाही, पण एकदा आपल्याच तोंडून निसटलेलं त्यानं ऐकलं : तसंच निघू दे. वैशालीच्याच रक्तात निघू दे. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. योगेंद्रनं गिअर टाकला.

डॉक्टर या वेळी बाई होत्या, तरुण, चष्मा डोक्यावर चढवलेल्या. सागरला मंगलाबाईंकडे ठेवून दोघं आली होती. डॉक्टरबाईंनी कागद वाचला, वैशालीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बेन, तमारामां नथी." मग दोघांचे चेहरे बघून हिंदीत, हळूहळू, समजावून सांगायला लागल्या. आईच्या रक्तात दोष सापडला नाही. पुष्कळ पोरांत असं असतं. कुणाकडून येत नाही, गर्भ धरतानाच एखाद्या ठिकाणी नव्यानं चूक होते. यात आईचा दोष नाही, बापाचा नाही. पहिल्या डॉक्टरांनी तपासायला सांगितलं होतं, केलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

"रिपोर्ट चुकू शकतो ना?" योगेंद्रनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा खाली घेतला. "चुकायला हवाय का तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

"नाही, म्हणजे... शंभर टक्के का, असं."

वैशाली त्याच्याकडे वळूनसुद्धा बघत नव्हती. ती समोरच्या भिंतीवरच्या, हसणाऱ्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे बघत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, फारच क्वचित असं असतं की रक्तात दिसत नाही, पुढचं मूल हवं असेल तर तेव्हा तपासू. योगेंद्रनं ते 'क्वचित' झडप घालून उचललं आणि खिशात टाकलं. मग वैशाली उठली. दवाखान्याच्या पायऱ्या ती एकटीच भराभरा उतरली, कठड्याला हात न लावता. इतक्या दिवसांत ती अशी उतरलेली त्यानं पाहिली नव्हती. रिक्षात ती आपल्या बाजूच्या रस्त्याकडे बघत बसली. योगेंद्रला काहीतरी बोलायचं होतं. तू सुटलीस, बरं झालं, असं काहीतरी. पण तोंड उघडलं की आत नुसती पोकळी लागायची. इतकी वर्षं जिच्यावर पाय रोवून तो चांगला उभा होता ती जागाच गेली होती. आता हिच्याशी कसं बोलायचं? कुठल्या आवाजात? रिक्षावाल्यानं खड्ड्यात गाडी आपटली आणि योगेंद्रच्या तोंडून एकदम, घशाच्या तळातून, अहिराणीत एक शिवी बाहेर पडली, कित्येक वर्षांनी. वैशालीनं मान वळवून पाहिलं. लांबच्या गावाहून परत आलेल्या माणसाकडे बघावं तसं तिनं पाहिलं, आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं.

मंगलाबाईंनी सागरला घरी आणून सोडलं आणि त्या लगेच गेल्या. पोरगं खुर्चीत बसून दोघांचे चेहरे वाचत होतं. आईसमोर विचारलं त्या संध्याकाळपासून त्यानं स्पीकरला हात लावला नव्हता.

"काय सांगितलं?"

"माझ्याकडून नाही," वैशाली म्हणाली. ती चपला काढत होती. तिच्या आवाजात आनंद होता. तो तिनं दाबायचा प्रयत्न केला, पण दाबला गेला नाही. "कोणाकडूनच नाही. पप्पांकडूनही नाही."

"मग?"

"नव्यानंच झालं म्हणे. आपोआप."

सागर विचार करत राहिला. गणित घातलं की तो असा खालचा ओठ आत ओढायचा. "म्हणजे माझ्यापासूनच सुरू झालं," तो म्हणाला.

वैशालीच्या हातातली चप्पल हातातच राहिली. कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. योगेंद्रला ते समजत होतं, त्यानं तोंडही उघडलं. पण ते उघडतानाच त्याचे खांदे खाली आले. अगदी तसेच, त्या दुपारी बाकड्यावर आले होते तसे. छातीतली पोकळी हळूहळू भरत चालली. बिचारं पोरगं, त्याला वाटलं, त्याला काय माहीत. दयेनं त्याचे डोळे भरून आले, आणि कोरड्या पडलेल्या जिभेवर पुन्हा ती स्वच्छ, मऊ मराठी आली.

"असं नसतं बाळा," तो म्हणाला. "तुझा काय दोष यात." बाळा म्हणून त्यानं पोराला आजवर कधी हाक मारली नव्हती. "दमलास ना? चल, आडवा हो जरा."

तो खुर्चीपाशी वाकला. एक हात पाठीमागून, एक गुडघ्यांखालून, काचेचं काही उचलावं तसा त्यानं सागरला वर घेतला. पोराचं डोकं त्याच्या खांद्याशी आलं. पोरगं पाऊण खोली ओलांडेपर्यंत अंग ताठ धरून होतं, त्याला जेवढं धरता येत होतं तेवढं. मग ते त्याच्या कानाशी बोललं.

"पप्पा, इतकं हळू नका उचलू."

योगेंद्र थांबला. मागे वैशाली उभी होती, तिनं ऐकलं होतं. त्याला दुसरी रीत सुचेना. त्यानं पकड आवळली. आणखी आवळली, बोटं पोराच्या मांडीत रुतेपर्यंत. सागर कळवळला.

"असं," सागर म्हणाला.